जवळ्याखालचा रस्ता

दुपारी दोनच्या सुमाराला नवापूरचा रस्ता गुलाबी व्हायचा. सकाळी पसरलेला ओला, करडा जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, उन्हाने रंग धरायचा, आणि वळणापासून बालवाडीच्या फाटकापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना कुणी लांबच लांब लुगडी वाळत घातलीत असं वरून वाटायचं. हेमांगी माडीवरच्या खिडकीशी बसून ते बघत राही. मांडीवर आनंदी झोपलेली. चार वर्षांची पोर झोपली की दुप्पट जड होते, आणि पायाला मुंग्या आल्या तरी हलावंसं वाटत नाही. हेमांगीचे डोळे अर्धे मिटत, अर्धे उघडे राहत, आणि त्या अर्ध्या डोळ्यांपुढून खालच्या गाड्या पाण्यातून चालल्यासारख्या जात. बर्फाचा टेम्पो यायचा, थबकायचा, आणि त्या दोन गुलाबी पट्ट्यांच्या मधून अंग चोरून पुढे सरकायचा. त्याच्यामागे कारखान्याची बस. तीसुद्धा तशीच, दबकत.

हेमांगी परभणीकडची. लग्न होऊन इकडे येईपर्यंत समुद्र तिने शाळेच्या निबंधात लिहिला होता, पाहिला नव्हता. नवरा सुजित बोईसरला रंगाच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. बोईसरच्या खोलीत आनंदीचा खोकला थांबेना, म्हणून ती तिघं समुद्राच्या वाऱ्याकडे सरकली आणि नवापूरला काशीबाईंची माडी त्यांनी घेतली. पहिले सहा महिने हेमांगीने खिडक्या लावूनच काढले. सुकत्या मासळीचा वास तिला सोसवत नसे. खाली अंगणात बसून काशीबाई हसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आमच्या माडीवर एक बाय हाय, ती वाऱ्याला कडी घालते.

जवळा रस्त्यावर आला तो काही हौसेने नाही. किनाऱ्यावर मासळी सुकवायचं बायकांचं मोठं खळं होतं, शेणाने सारवलेलं. ते दोन-तीन वर्षांत समुद्राने निम्मंअधिक खाल्लं. उरलेल्या जागेत बोंबलाच्या दोऱ्या बांधल्या, आणि जवळा जुन्या जाळ्यांवर पसरून डांबराच्या कडेला आला. डांबर तापतं, वाळू लागत नाही, एका दिवसात माल कुरकुरीत होतो. आता रस्त्याच्या कडेला जवळा ही गोष्ट गावाला इतकी अंगवळणी पडली होती, की जवळा वेगळा आणि रस्ता वेगळा असं कुणाला वाटतच नसे.

गाड्या दबकत जायच्या त्याला कारण होती रंभाबाई. साठीची, कमरेला पदर खोचलेली, आवाजाने होडी परत बोलावेल अशी. पहिल्याच वर्षी एका टेम्पोवाल्याने तिच्या जवळ्यावरून चाक नेलं. रंभाबाई धावली नाही, ओरडली नाही. शांतपणे जाऊन त्याच्या शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, आता तू जाशील तिकडं मी येणार. तो बिचारा बोईसरच्या नाक्यापर्यंत तिला घेऊन गेला, घाबरून परत आला, आणि त्याने झाडू घेऊन रस्ता झाडून दिला. तेव्हापासून त्या रस्त्याला जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ही गोष्ट ठाऊक होती. कामगारांच्या बसमध्ये नवीन ड्रायव्हर आला की मागून कुणी तरी सांगायचं, "भाई, इधर धीरे. मौसी गाडी में बैठ जाती है."

पण जवळा काही बारमाही नसतो.

गेल्या आषाढातली गोष्ट. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर पालथ्या, रस्ता धुऊन निघालेला आणि रिकामा. हेमांगी आनंदीला बालवाडीत सोडायला निघाली होती. घर या बाजूला, बालवाडी त्या बाजूला, मध्ये दहा पावलांचं डांबर. अर्ध्यात आनंदीची एक चप्पल निसटली. आईच्या ओल्या हातातून तिने हात सोडवून घेतला आणि चप्पल उचलायला ती खाली वाकली. वळणावरून बस आली. हेमांगीने पोरीला कोणत्या हाताने ओढलं हे तिला आजही आठवत नाही. बस गेल्यावर आलेला वारा मात्र आठवतो. तो वारा गरम होता, भर पावसात, आणि चप्पल रस्त्याला चिकटून कागदासारखी झाली होती.

त्या दिवसापासून पाऊस असला की आनंदी घरीच. बालवाडीच्या बाईंनी दोनदा निरोप धाडला. हेमांगी काही तरी कारण सांगायची. रात्री तिला एकच स्वप्न पडे. रस्ता नसे, खाडी असे, काळी आणि वेगाने वाहणारी, आणि पलीकडच्या काठावर बालवाडीच्या रंगीत भिंतीवरचे मोर तिला हाका मारत असत. सकाळी उठून ती मुलीचे केस विंचरायची आणि मनात म्हणायची, पुढच्या पावसाआधी काही तरी करायचंच. पुढच्या जूनपासून मोठा वर्ग, तो बुडवून चालणार नव्हतं. फाटकासमोर एक ब्रेकर, एवढंच तर हवं होतं. अर्जात तिने त्याला गतिरोधक म्हटलं, कारण अर्जाची भाषा तशी असते.

पंचायतीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चहा पाजला आणि सांगितलं की रस्ता आमचा नाही. ज्या खात्याचा आहे त्यांची बैठक पालघरला दर महिन्याला भरते, रस्त्यांच्या तक्रारी ऐकायला. तिथे जा.

ती गेली. सोबतीला काशीबाई, कारण त्यांना पालघरच्या बाजारात सुकी मासळी पोचवायची होती आणि ही बाय एकटी हरवेल याची त्यांना खात्री होती. बैठकीच्या खोलीत पंखा हळूहळू फिरत होता. लांब टेबलाभोवती साहेब, पोलीस, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर लोक. वामन नावाचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांना स्टेशनकडे जायच्या रस्त्यावर चालायला हातभर पट्टा हवा होता. एक फूलवाली होती, तिच्या कोपऱ्यावरचा दिवा तीन महिने विझलेला. रिक्षावाल्यांना थांबा हवा होता आणि त्याच जागी शाळेच्या पालकांना रिक्षा नको होत्या. दोघांचंही कुणी तरी लिहून घेत होतं. मांडीवर पेंगणाऱ्या आनंदीला थोपटत हेमांगी ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिला वाटलं, हे सगळं शहर या टेबलावर एखाद्या जुन्या जाळ्यासारखं पसरलंय, आणि आपण सगळे आपापल्या घराजवळचं भोक दाखवायला आलो आहोत. इथून तिथून सुया चालल्या आहेत. एखादं भोक आज शिवलं जाईल, एखादं पुढल्या महिन्यात.

तिच्या अर्जाची पाळी आली तेव्हा दर्पण नावाचे तरुण अभियंता बोलले. आवाज मऊ, चष्मा नाकावर घसरणारा. त्यांनी समजावून सांगितलं की नको तिथे ब्रेकर घातला तर त्यावरही माणसं पडतात, रुग्णाला नेणारी गाडी आदळते. म्हणून आधी मोजायचं. एक दिवस यंत्र घेऊन बसायचं, गाड्या किती आणि किती वेगाने जातात ते लिहायचं. आकडा बोलला की काम मंजूर. हेमांगीला ते पटलं. परतीच्या वाटेवर काशीबाई म्हणाल्या, पोरगा बरा हाय, पण खातबीत नाय वाटतं.

एप्रिलमध्ये दर्पण साहेब आले. गावाने त्यांचं असं काही स्वागत केलं की ते संकोचून गेले. सुरूच्या सावलीत खुर्ची, शहाळं, दुपारी तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. रस्त्याच्या दोन्ही कडांना नेहमीसारखा जवळा पसरलेला होता, आणि पाहुणा येणार म्हणून बायकांनी त्या दिवशी तो जरा जास्तच नीट, काठ जुळवून पसरला होता. साहेबांनी यंत्र रोखलं. टेम्पो आला, वीस. बस आली, अठरा. मोटारसायकलवर जोडपं आलं, ते पंचविसाने गेलं आणि रंभाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचा मोटारसायकलवाला पाय टेकत टेकत गेला. संध्याकाळी साहेब वही मिटून गेले. आपला रस्ता किती शहाण्यासारखा वागला याचं बायकांना कौतुक वाटत होतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सदर ठिकाणी वाहनांचा वेग मर्यादेत असल्याने तूर्त गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही.

हेमांगीने पत्र चार वेळा वाचलं. मग ती खिडकीशी बसली. तिला रडू येत नव्हतं, नुसतं सुन्न वाटत होतं. आनंदी मांडीवर झोपली होती. खाली रस्ता गुलाबी होता, गाड्या पाण्यातून चालत होत्या, आणि हेमांगीच्या मनात आलं, हा रस्ता मला खोटं पाडतोय. गेल्या आषाढात मी काय स्वप्न पाहिलं होतं का?

तेवढ्यात समुद्राकडून ढग चढला. वळवाचा असावा, आला तसा गेला, पण बायकांनी त्याची वाट पाहिली नाही. आरडाओरडा करत त्या धावल्या, जाळी चारी टोकांनी उचलली, माल पडवीत ओढला. पाच मिनिटांत डांबर उघडं पडलं. बायका आत गेल्या. आणि मग हेमांगीने पाहिलं. पहिला टेम्पो वळणाशी थबकला, कडा रिकाम्या दिसल्या, आणि सुटला. त्यामागचा थबकलादेखील नाही. खिडकीची काच थरथरली. आषाढातला तो गरम वारा माडीपर्यंत चढून आल्यासारखा तिला भासला. मोजला गेला होता तो रस्ताच नव्हता. मोजला गेला होता जवळा.

तिने दर्पण साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की मी गावचा नाही, माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुन्हा येतो. पण पावसाआधीच्या कामांची यादी मे अखेरीस बंद होते, त्यामुळे माझ्याकडे एकच दिवस आहे, अठ्ठावीस तारीख. त्या दिवशी रस्ता मोकळा हवा. तो दिवस हुकला तर मग दिवाळीनंतर.

अठ्ठावीस मे. हेमांगीला तारखेचा अर्थ काशीबाईंचा चेहरा पाहून कळला. एक जूनला मासेमारी बंद होते. त्याआधीच्या चार दिवसांत होड्या शेवटचा माल आणतात, आणि गावातल्या प्रत्येक घराची आगोट, म्हणजे पावसाळ्याची सगळी बेगमी, त्या शेवटच्या उन्हात सुकते. त्यातला एक दिवस गेला तर माल कुजतो. आणि तो दिवस मागायचा कुणाकडे, तर रंभाबाईकडे.

संध्याकाळी बायका बोंबलाच्या दोऱ्यांशी बसल्या होत्या. हेमांगीने सगळं सांगितलं. रंभाबाईने हातातलं काम थांबवलं नाही. तिने विचारलं की आमच्या जवळ्याने गाड्या हळू चालतात, मग जवळा चांगला का वाईट? कुणी तरी हसलं. दुसरी म्हणाली, माडीवरच्या बायला वास येत होता, म्हणून आता सरकारला सांगून उचलायला लावते. ते हेमांगीला लागलं, कारण एके काळी ते खरं होतं.

आनंदी तिथेच होती. जाळ्याच्या काठाकाठाने एकेक पाऊल टाकत ती रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली होती आणि तिथे पाठमोरी उभी राहून गाणं म्हणत होती. हेमांगी उठायच्या आत रंभाबाईने दरडावलं, "ए पोरी, इकडं ये. गाडी येल ना."

"नाय येत," आनंदी गावच्याच बोलीत म्हणाली. "जवळा हाय ना. जवळा असला की गाडी येत नाय."

"आन् नसला की?"

आनंदीने विचार केला. जवळा नसण्याची गोष्ट तिला नीट आठवत नव्हती. मग ती म्हणाली, "आजी, पावसात जवळा कुठं जातो?"

रंभाबाईचे हात थांबले. समोर गावची आणखी चार-पाच पोरं होती, सगळी तशीच डांबरावर बसलेली, अंगणात बसावं तशी. एकीची नात, एकीचा नातू. आठ महिने ती पोरं या रस्त्यावर रांगली, चालली, आणि चार महिने त्याच रस्त्याने बालवाडीत जाणार होती. दोरीवरचे बोंबील वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते.

"आमीच शिकवलं ह्यांना," रंभाबाई शेवटी म्हणाली. बोलली ती आनंदीशी नाही, हेमांगीशीही नाही, डांबराशी बोलावं तशी. मग तिने पदर झटकला. "अठ्ठावीसला रस्त्यावर एक काडी दिसता नये. पण माल फेकायचा नाय. घरं हायत ना गावात? वर घाला."

अठ्ठावीस तारखेला नवापूर उलटं झालं. रस्ता काळा, आणि गाव गुलाबी. कौलांवर जाळी, पत्र्यांवर जाळी, पडव्यांत खाटा टाकून त्यांवर, बालवाडीच्या ओट्यावर, पालथ्या पिंपांवर, जिथे हात पोचेल तिथे जवळा. हेमांगीने माडीच्या चारी खिडक्या सताड उघडल्या आणि गॅलरी, खोलीतला उन्हाचा पट्टा, सुजितची लाकडी खाट, सगळं देऊन टाकलं. रात्रपाळी करून आलेला सुजित दारात उभा राहिला, खाटेकडे पाहिलं, आणि काही न विचारता स्वयंपाकघरात सतरंजी टाकून झोपला. कावळ्यांना हाकायला सगळी पोरं काठ्या घेऊन गच्च्यांवर. खालून पाहिलं की वाटे, गाव कुठल्याशा सणाला निघालंय.

दर्पण साहेबांनी यंत्र रोखलं. पहिला टेम्पो वळणावर आला. आणि दबकला.

वीस.

बस आली. बावीस. ड्रायव्हरने मान बाहेर काढून रिकाम्या कडांकडे पाहिलं, सुरूखाली ओळीने बसलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि आणखी हळू झाला. दहा वाजले, अकरा वाजले. यंत्रावर पंचविसाच्या वर आकडा जाईना. छपरांवर पावसाळ्याची बेगमी अर्धीमुर्धी सुकत होती, पत्र्यावरून एक जाळं घसरून माल मातीत गेला होता, आणि खाली गाड्या सवयीने शहाण्यासारख्या वागत होत्या. साहेबांनी चष्मा पुसला. त्यांनाही काय करावं कळत नव्हतं, कारण ड्रायव्हरला जोरात जा असं काही सांगता येत नाही.

रंभाबाई साहेबांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. पुढची बस आली, तिच्या ड्रायव्हरने हात जोडून तिला नमस्कार केला आणि रांगत पुढे गेला. रंभाबाई त्या बसच्या पाठीकडे पाहत राहिली.

"माझ्याकडं बघून चालतात मेले," ती म्हणाली.

ती उठली. बाकीच्यांना तिने डोळ्यांनीच उठवलं. सगळ्या बायका आत गेल्या, दारं लोटली. आपला दरारा असा उचलून घरात नेताना तिच्या चालीत जरा जडपणा होता. जाताना तिने साहेबांनाही सांगितलं की टोपी काढ आन् झाडाच्या आड बस. हेमांगी काशीबाईंच्या पडवीत आली आणि आनंदीचा हात तिने मनगटाशी धरला. बोटांशी नाही, मनगटाशी.

रस्ता एकटा राहिला. उन्हाने डांबरावर पाणी असल्याचा भास होत होता. तिच्या स्वप्नातल्या खाडीसारखाच तो चमकत होता. पलीकडे बालवाडीच्या भिंतीवर मोर होते. मग वळणावरून टेम्पो आला, आणि थबकला नाही.

झाडाआडून दर्पण साहेबांचा आवाज आला. त्यांनी आकडे मोठ्याने म्हणायला सुरुवात केली होती, बहुधा स्वतःच्याही नकळत. अठ्ठेचाळीस. पंचावन्न. मग मोटारसायकली, एकामागे एक, एकसष्ट, अठ्ठावन्न. दुपारच्या पाळीची बस आली. तिच्या वाऱ्याने पडवीतल्या जाळ्याचा काठ उचलला आणि मूठभर जवळा हवेत उडाला.

"एकाहत्तर," साहेब म्हणाले.

त्यानंतर त्यांनी आपली खुर्ची दोन हात मागे ओढली. बंद दारांच्या फटींतून बायका बघत होत्या. आपल्या माघारी दारापुढून काय वाहतं ते त्यांनी इतकी वर्षं असं पाहिलंच नव्हतं. काशीबाईंच्या तोंडून नुसतं अगो बाय एवढंच निघालं.

ब्रेकर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पडला. डांबर ओतणारी गाडी आली, रोलर आला, आणि बालवाडीच्या फाटकासमोर एक काळा उंचवटा तयार झाला. त्यावर पांढरे पट्टे, आधी एक पिवळी पाटी. दर्पण साहेब स्वतः उभे होते. रंभाबाईने त्यांना डब्यातून जवळ्याची चटणी दिली आणि अर्धा जवळा छपरावर नीट सुकला नाय, म्हणून जरा मऊ लागेल, असं बजावलं. यात तक्रार किती आणि माया किती हे त्यांना कळेना, पण डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

बालवाडी उघडली त्या दिवशी रिमझिम होती. कुठेच जवळा नव्हता. आनंदी रस्त्याच्या कडेला थांबली, कारण गेले पंधरा दिवस आई तिला रोज तिथे थांबायला शिकवत होती. तिने उंचवट्याकडे पाहिलं. किनाऱ्यावर होड्या पालथ्या घालतात तसं काहीसं तिला ते दिसलं असावं.

"आई, रस्त्यात होडी झोपलीय."

"हो. तिला उठवायचं नाही. बघ आधी, गाडी येते का."

गाडी आली. कारखान्याची बस, तीच, किंवा तसलीच. उंचवट्यापाशी ती हळू झाली, पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली, आणि सगळी बस पाण्यावर डुलावी तशी डुलली. खिडकीतल्या एका झोपाळू कामगाराची मान डावीउजवीकडे हलली. मग रस्ता रिकामा झाला. दहा पावलं. हेमांगीने मोजली. आठव्या पावलाला आनंदीची चप्पल पुन्हा सैल झाली, पण ती वाकली नाही. फाटकाच्या आत गेल्यावरच तिने पट्टा ओढला, आणि आईकडे न बघता मोरांच्या भिंतीकडे पळाली.

हेमांगी घरी आली. माडीवर दुपारपर्यंत कुणी नव्हतं. गेल्या आषाढानंतर पावसाच्या दिवशी पहिल्यांदाच मांडी रिकामी होती आणि तिचं काय करावं ते तिला सुचेना. सुजितच्या खाटेला, गादीला, पडद्यांना अजून जवळ्याचा वास होता. तीनदा धुऊनही गेला नव्हता, आणि आता पावसात जाणारही नव्हता. सुजित रोज कुरकुरायचा. ती खाटेवर आडवी झाली. उघड्या खिडकीतून ओला वारा येत होता. खाली दर थोड्या वेळाने चाकं चढल्याचा, उतरल्याचा आवाज व्हायचा, धप्प, मग धप्प, संथ, अंतराने. तो मोजता मोजता तिला डुलकी लागली.